तिकिटावर नुसतं ‘गोवा’ असेल तर

तुमची पोस्ट वाचून हसू आलं, आणि त्या एजंटचा रागही आला. आईबाबा चवथीला (गणेश चतुर्थीला) पुण्याहून येतायत, तिकिटाच्या कागदावर नुसतं ‘गोवा’, आणि एजंट म्हणतो ‘कुठंही उतरले तरी टॅक्सी मिळते’. अगदी याच वाक्याचे आमच्या घरी धिंडवडे निघाले होते.

गोव्यात विमानतळं दोन : जुनं दाबोळी आणि नवं मोपा. मोपा 2023च्या जानेवारीत सुरू झालं, त्यानंतरची गोष्ट. दादरचे मामा चवथीला येणार होते. बुकिंग दाबोळीचं. मध्येच विमान कंपनीनं ते विमान मोपाला हलवलं. तसा मेसेजही पाठवला, पण एजंटनं बुकिंगला मामांचा नव्हे, स्वतःचा नंबर दिलेला. त्यानं तो मेसेज पाहिला की नाही, देव जाणे. मी दाबोळीला उभा.

मामांचा फोन : “बाहेर आलो, खांबापाशी आहे.”

“मीही खांबापाशीच आहे.”

“छान केलंय रे विमानतळ, नवं कोरं!”

मी चक्रावलो, कारण आदल्या खेपेला दाबोळीला त्यांनी मनसोक्त नावं ठेवली होती. विमानात ‘मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ’ (हे मोपाचं नाव) अशी घोषणा त्यांनी ऐकली होती, पण त्यांना वाटलं, दाबोळीलाच पर्रीकरांचं नाव दिलं. कितीतरी वेळ आम्ही एकमेकांना हात हलवून दाखवत होतो.

मग झुआरी आणि मांडवी असे दोन्ही पूल ओलांडून, माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या) बाजाराच्या गर्दीतून मोपा. साठेक किलोमीटर. मामा बॅगेवर बसून माझीच वाट चुकली असणार असं शेजारच्याला सांगत होते.

खरा मनस्ताप पुढेच. झालेला खर्च भरून द्या म्हटलं, तर कंपनीचा काउंटर म्हणतो एजंटकडे जा, आणि एजंटच्या ऑफिसात एकच पालुपद : “तिकीट गोव्याचं होतं, गोव्यातच उतरवलं ना?” यावर काय बोलणार! नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. पण पैसे मिळाले नाहीत. परतीच्या कागदावरही ‘गोवा’च दिसल्यावर मामा कोकण रेल्वेनं गेले.

माझं मत विचाराल तर एजंटच्या कागदावर विसंबू नका. पीएनआर (बुकिंगचा नंबर) घेऊन कंपनीच्या साइटवर स्वतः पाहा. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. संपर्कात आईबाबांचा आणि तुमचा नंबर घालून घ्या, त्यात एजंट कुरकुर करेल, करू दे. निघायच्या आदल्या रात्री पुन्हा एकदा पाहा. तुम्ही मडगावात, म्हणजे मोपा असेल तर अंतर जास्त. कदंबची (गोव्याची सरकारी) बस आहे, पण आईबाबांकडे सामान असेल तर तुम्हीच गाडी घेऊन जा. (मी या धंद्यातला नाही, जे भोगलं ते सांगतोय. वेळा नि नियम बदलत असतात, खात्री करून घ्या.)

जाताजाता : परतताना आईच्या हातातल्या पिशवीत सुक्या खोबऱ्याच्या वाट्या देऊ नका. तेलामुळं पेट घेणारी वस्तू म्हणून सिक्युरिटीत काढून घेतात. आणि फेणी न्यायचीच असेल तर दुकानातली सीलबंद, तीही चेक-इनच्या बॅगेत. आमच्या एका शेजाऱ्यानं घरची उराक (काजूची दारू) पाण्याच्या बाटलीत भरून नेली होती, आणि तपासणीत ‘गंगाजल’ म्हणून सांगितलं. तिथल्या पोरानं झाकण उघडून वास घेतला, तो पोरगाही गोव्यातल्या डिचोलीचाच निघाला.