टीम स्क्रमकडे वळली, आता बिझनेस अ‍ॅनालिस्टने ऑनलाइन काय शिकावं?

तुम्ही तीन वर्षं बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहात, टीम नुकतीच स्क्रमने (काही आठवड्यांच्या छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवायची पद्धत) काम करू लागली आहे, आणि कोणता ऑनलाइन कोर्स करावा, सर्टिफिकेट आत्ताच घ्यावं का, असं विचारलंय. मीही याच टप्प्यातून गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पैसे भरण्याआधी स्क्रम गाइड वाचा. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी लिहिलेली 2020 ची आवृत्ती जेमतेम 13 पानांची आहे आणि फुकट मिळते. वाचताना तुमच्या लक्षात येईल की त्यात बिझनेस अ‍ॅनालिस्ट कुठेच नाही. काय बनवायचं ते ठरवणारा प्रॉडक्ट ओनर, पद्धत नीट चालते ना हे बघणारा स्क्रम मास्टर आणि प्रत्यक्ष काम करणारे डेव्हलपर्स, एवढेच. मला तेव्हा धसका बसला होता. पण विश्लेषणाचं काम काही संपत नाही. आधी महिनाभर बसून जे एका जाडजूड दस्तऐवजात लिहायचो, ते आता बॅकलॉग रिफाइनमेंटमध्ये (बाकी कामांची यादी, म्हणजे बॅकलॉग, टीमने बसून स्पष्ट करणं) थोडं थोडं, दर आठवड्याला करावं लागतं. त्यामुळे शिकायचं आहे ते हेच: थोडं लिहून, बोलून, वेळेत नेमकं कसं करायचं.

मी सुरुवातीला एक लांबलचक रेकॉर्डेड कोर्स केला. दोन शनिवार-रविवारांत संपवला, प्रश्नमंजूषेत सगळी उत्तरं बरोबर आली. पुढच्याच रिफाइनमेंटला मी ‘ग्राहकाला परत केलेल्या वस्तूचे पैसे मिळावेत’ अशी यूझर स्टोरी (वापरणाऱ्याला काय हवं ते एका ओळीत) मांडली. टेस्टरने विचारलं, ‘ऑर्डरमध्ये तीन वस्तू आहेत, पूर्ण ऑर्डरवर कूपन लावलंय आणि एकच वस्तू परत आली, तर किती पैसे द्यायचे?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. चौकशी केली तर व्यवसायाच्या बाजूनेही कोणी ते ठरवलेलंच नव्हतं! चांगल्या स्टोरीच्या सहा कसोट्यांची आद्याक्षरं म्हणजे इन्व्हेस्ट, त्याचं प्रत्येक अक्षर मला पाठ होतं, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. प्रत्येक स्टोरीसाठी एक डेव्हलपर, एक टेस्टर आणि मी अर्धा तास बसतो आणि ‘गिव्हन-व्हेन-देन’ पद्धतीने खरे आकडे घालून उदाहरणं लिहितो: अशी परिस्थिती असताना, हे केलं, तर हे व्हायला हवं. जिथे उदाहरण अडतं तिथे निर्णय बाकी आहे हे कळतं, आणि तो निर्णय मिळवून आणणं हे आपलं काम.

म्हणून कोर्स निवडताना मी एकच चौकशी करतो: मी लिहिलेलं काम कोणी वाचून, खुणा करून परत देणार आहे का? नुसते व्हिडिओ असतील तर शब्दांची ओळख होते, ती गाइड वाचूनही होते. छोट्या गटाचे लाइव्ह वर्ग महाग पडतात, पण तिथे तुमची स्टोरी (कंपनीची गोपनीय माहिती काढून) दाखवता येते.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर आयआयबीए या विश्लेषकांच्या संस्थेची दोन आहेत: वरच्या पातळीचं सीबीएपी आणि त्याखालचं सीसीबीए. सीबीएपीसाठी मागच्या 10 वर्षांत 7,500 तासांचा विश्लेषणाचा अनुभव लागतो. तीन वर्षांत तो भरत नाही. सीसीबीएला 3,750 तास आणि 21 तासांचं प्रशिक्षण लागतं. तुमचं बरंचसं काम विश्लेषणाचंच असेल तर ते जमेल. आजपासूनच कामाच्या तासांची नोंद ठेवा, नंतर आठवून भरताना फार त्रास होतो. स्क्रमची पीएसएम-1 (प्रोफेशनल स्क्रम मास्टर) परीक्षा कोर्स न करताही देता येते: 60 मिनिटांत 80 प्रश्न, पास व्हायला 85 टक्के. आधी स्क्रम ओपन ही मोफत सराव चाचणी पुन्हा पुन्हा सोडवा. नोकरी बदलायची असेल तर सर्टिफिकेटचा उपयोग होतो, पण आहे त्याच टीममध्ये राहणार असाल तर मी ते मागे ठेवेन.

एक मात्र आवर्जून सांगतो, एकट्याने शिकू नका. मी एकटा शिकून आलो तेव्हा माझे नवे शब्द टीमला परके वाटले आणि त्यांना उगाच नियम लादल्यासारखं झालं. नंतर आम्ही दर स्प्रिंटमध्ये (स्क्रममधला कामाचा एक टप्पा) 45 मिनिटं ठरवून एकच धडा सगळ्यांनी मिळून पाहायला लागलो आणि तिथल्या तिथे चालू बॅकलॉगमधल्या एका स्टोरीवर तो वापरून बघू लागलो. यासाठी वेळ मॅनेजरकडे वेगळा मागू नका, स्प्रिंट प्लॅनिंगमध्येच धरा. आमच्याकडे तरी असं केल्यावरच तो टिकला.