दुसरीच्या मुलांना महाराष्ट्राची राज्यप्रतीके कशी शिकवावीत?

राज्यप्रतीकांचा तक्ता भिंतीवर लावून नावे पाठ करून घेतली, तरी पंधरवड्यात मुले राज्यप्राणी म्हणून शेकरूऐवजी वाघ आणि राज्यपक्षी म्हणून हरियलऐवजी मोर सांगू लागतात, अशी आपली अडचण आहे. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवतो आणि माझा अनुभव असा की, नावांची जोडी लावण्यापेक्षा ही प्रतीके कोणत्या झाडावर भेटतात यापासून सुरुवात केली, तर मुलांच्या ती अधिक लक्षात राहतात. आंबा हा राज्यवृक्ष आणि ताम्हण हे राज्यपुष्प तर झाडांचेच. पण शेकरू, हरियल आणि नीलवंत फुलपाखरू यांचेही आयुष्य झाडांवरच अवलंबून आहे. म्हणून मी तक्त्याऐवजी भिंतीवर पुठ्ठ्याचे एक मोठे झाड उभे करतो आणि जे प्रतीक शिकवून होईल, त्याला मुलांकडूनच योग्य जागी बसवून घेतो.

सर्वांत जास्त वेळ शेकरूला द्यावा, कारण अंगणातली पट्ट्यांची खार आणि शेकरू यांत मुलांचा हमखास घोळ होतो. शेकरू तपकिरी-तांबूस रंगाचे, पोटाकडे फिकट आणि शेपटीसह जवळपास तीन फूट लांब असते. तेवढी सुतळी कापून मुलांच्या हाती दिली की आकाराचा अंदाज चित्रापेक्षा चांगला येतो. पुढे मैदानावर फक्कीने सहा मीटर अंतरावर दोन रेषा आखाव्यात आणि मुलांना एका रेषेवरून दुसरीकडे उडी मारायला सांगावे. एवढी झेप शेकरू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर घेते, हे त्यानंतर सांगितले तर वेगळे पटवून द्यावे लागत नाही. याच वेळी मधली झाडे तोडली तर काय होईल, असा प्रश्न टाकावा. उत्तर मुलेच देतात. शेकरू काटक्या आणि पाने रचून उंच फांद्यांवर एकाहून अधिक घरटी बांधते, त्यामुळे वाळक्या काड्यांचे घरटे करण्याचा तास हस्तकलेतही धरता येतो. भीमाशंकरच्या अभयारण्यात शेकरू आढळते, एवढा संदर्भ या वयाला पुरेसा आहे.

हरियलसाठी लपवाछपवी उत्तम. हिरवट-पिवळ्या आणि भडक लाल कागदाचे सारख्या आकाराचे पक्षी कापून शाळेजवळच्या एखाद्या दाट पानांच्या झाडात, हाताला लागतील असे अडकवावेत. लाल पक्षी चटकन सापडतात आणि हिरव्यांसाठी मुलांना झाडाभोवती फेऱ्या माराव्या लागतात. वड, पिंपळ, उंबर यांची फळे खाणारा हा पक्षी जमिनीवर क्वचितच उतरतो आणि स्वस्थ बसला तर पानांत दिसत नाही, हे मग वेगळे घोकून घ्यावे लागत नाही. त्याचे पाय पिवळे असतात, हे मात्र चित्रात मुद्दाम दाखवावे.

ताम्हण उन्हाळ्यात, साधारण एप्रिलपासून फुलते, म्हणून हा पाठ पावसाळ्यात उरकून टाकू नये. परिसरात झाड असेल तर खाली पडलेली जांभळी फुले आणून मुलांच्या हातात द्यावीत आणि चुरगळलेल्या कागदासारख्या त्या पाकळ्या मोजायला सांगाव्यात. त्या बहुधा सहा भरतात. १ मे १९६० रोजी राज्याची स्थापना झाली आणि महाराष्ट्र दिनाच्या सुमारासच हे फूल बहरात असते, हा योग शिक्षकाने सोडू नये.

नीलवंत पाहण्यासाठी मात्र पावसाळा आणि त्यानंतरचे महिने चांगले. त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातील झाडांची पाने खातात, म्हणून कुंडीतले लिंबाचे रोपही वर्गाला पुरते. त्यावर सापडलेली प्रत्येक अळी नीलवंताचीच आहे असे सांगण्याची घाई करू नये. लिंबावर इतर फुलपाखरेही अंडी घालतात. फुलपाखरू बाहेर पडून काळ्या पंखांवर निळसर पट्टे दिसेपर्यंत थांबावे. राज्य फुलपाखरू जाहीर करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य असून ती घोषणा २०१५ मध्ये झाली, हे ऐकून मुलांना फार अभिमान वाटतो.

२०२० मध्ये राज्य कांदळवन वृक्ष ठरलेली पांढरी चिप्पी आणि २०२३ मध्ये राज्य मासा ठरलेले पापलेट कोकणातील शाळांनी अवश्य घ्यावेत; इतरांनी दुसरीत नुसती नावे सांगून पुढे जावे.

वाघ आणि मोर यांचा घोळ मात्र स्वतंत्रपणे सोडवावा लागतो. त्यासाठी ‘देशाचे’ आणि ‘राज्याचे’ अशा दोन टोपल्या ठेवून मुलांकडून चित्रे टाकून घ्यावीत. आंब्याच्या चित्रापाशी वर्गात वाद होणारच, कारण फळ म्हणून तो देशाचा आणि झाड म्हणून राज्याचा. तो वाद आपण लगेच मिटवू नये. फळाचे आणि झाडाचे अशी दोन वेगळी चित्रे हवीत, हे थोड्या वेळाने एखादे मूल स्वतःच सुचवते.