सही यजमानांची, आवाज माझा

प्रश्न : पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात माझ्या थायरॉइडच्या गाठीचं ऑपरेशन झालं. 14 महिने झाले, आवाज बसलेलाच आहे. कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणतात, डाव्या स्वरतंतूची नस निकामी झाली. ऑपरेशनआधी आवाजाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. फॉर्मवर सही यजमानांची घेतली; मी शेजारच्या खाटेवर पूर्ण शुद्धीत होते. मी शिक्षिका आहे. रुग्णालय म्हणतं, फॉर्मवर सगळं छापलंय. दीर म्हणतात, पोलिसांत जाऊ. काय करावं?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, केस होईल. पण कोणती, ते आधी ठरवा. 'डॉक्टरांनी नस कापली' यावर भर दिलात तर अडकाल. ती नस थायरॉइडला लागूनच जाते आणि निष्णात सर्जनच्या हातूनही कधी दुखावते. नुसती इजा झाली म्हणून हयगय सिद्ध होत नाही. तुमची बळकट बाजू दुसरी आहे : धोका सांगितला नाही आणि संमती तुमची घेतलीच नाही.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा 2008 चा समीरा कोहली खटल्यातला निकाल आहे. एका अविवाहित महिलेने दुर्बिणीतून तपासणीला संमती दिली होती. ती भुलीत असताना तिच्या आईची सही घेऊन गर्भाशय आणि अंडाशयं काढली गेली. न्यायालय म्हणालं, रुग्ण सज्ञान आहे, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार आहे आणि जिवावर बेतलेलं नाही, तर आईच्या सहीला अर्थ नाही. तुम्ही तर शुद्धीतच होतात! नवऱ्याची सही घेण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे, म्हणून ती कायदेशीर ठरत नाही.

काय सांगायचं, तेही त्याच निकालात आहे : उपचार काय, कशासाठी, पर्याय कोणते, मोठे धोके कोणते, उपचार नाकारला तर काय होईल. मात्र दूरान्वयाचे धोके सांगायलाच हवेत असं नाही, आणि 'पुरेशी माहिती' किती, हे बव्हंशी वैद्यकीय व्यवसायात रूढ असलेल्या पद्धतीवरून ठरतं. रुग्णालयाचे वकील हीच ढाल पुढे करतील. पण आवाजाचा धोका दूरचा नाही, या ऑपरेशनच्या पाठ्यपुस्तकांत तो असतोच. त्यात पोट आवाजावर चालणारा रुग्ण समोर! स्वतंत्र सर्जनचं लेखी मत मात्र लागेल.

एक अवघड प्रश्न तुम्हाला विचारला जाईल : धोका सांगितला असता तर ऑपरेशन टाळलं असतंत का? गाठ साधी असेल, थांबणं शक्य असेल, तर तुमचं उत्तर वजनदार. कर्करोगाची असेल तर भरपाई आखडू शकते. बायोप्सीचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय मी पुढे जाणार नाही.

पोलिसांचं म्हणाल तर नको. 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्यासाठी घोर हयगय लागते. तुमच्या कागदांत ती दिसत नाही.

आधी लेखी अर्ज देऊन पोच घ्या आणि पूर्ण फाइल मागा : मूळ संमतीपत्र, ऑपरेशनची टिपणं, आधी स्वरतंतू तपासले होते का त्याची नोंद. नियमानुसार 72 तासांत कागद द्यावे लागतात. फॉर्म इंग्रजीत आहे का, ऑपरेशनचं नाव छापील आहे की मागाहून हाताने भरलेलं, हे बारकाईने पाहा. रिकाम्या जागेवर घेतलेल्या सह्या मी कमी पाहिलेल्या नाहीत.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात होईल. 2019 च्या कायद्याने ती तुमच्या राहत्या जिल्ह्यातही करता येते, पुण्याच्या खेपा नकोत. मुदत 2 वर्षांची. ती ऑपरेशनच्या तारखेपासूनच धरा, म्हणजे हातात 10 महिने आहेत.

आणि आकड्याची फार आशा धरू नका. समीरा कोहली खटल्यात डॉक्टरांची फी नाकारली गेली, पण भरपाई मिळाली फक्त 25,000 रुपये. तुमचं उत्पन्न बुडालं असेल तर रजा, पगार आणि स्वरोपचाराच्या पावत्या जोडा. त्या असतील तरच जास्त मागता येईल.