पुनरुत्पादन, प्रत्यारोपण की पुनर्जनन?

प्रश्न असा आहे: रुग्णाच्याच पेशी घेऊन हाड किंवा स्नायू पुन्हा तयार करतात, त्याला 'पुनरुत्पादन' म्हणावं की 'प्रत्यारोपण'?

'पुनरुत्पादन' नकोच, जीवशास्त्रात तो शब्द प्रजननासाठी रुळलेला आहे. 'प्रत्यारोपण' बरोबर आहे, पण एका पायरीपुरतंच.

हाडाचं काम कसं चालतं ते पाहिलं की फरक कळतो. कमरेच्या हाडाच्या कडेतून सुईने अस्थिमज्जा, म्हणजे हाडातला मऊ गर, ओढतात. एका जागेवरून साधारण 2 मिलिलिटर घेऊन सुई सरकवायची. तिथेच ओढत राहिलं तर मज्जेत रक्त मिसळत जातं आणि नवं हाड घडवू शकणाऱ्या मूलपेशी (स्टेम सेल) विरळ होतात. मुळात मज्जेतल्या केंद्रकयुक्त पेशींमध्ये त्या लाखात एक ते दहा एवढ्याच! प्लॅस्टिकच्या बशीत त्या तळाला चिकटतात, बाकीच्या पेशी पोषक द्रव बदलताना निघून जातात. पुरेशा वाढल्या की कॅल्शियम फॉस्फेटच्या सच्छिद्र सांगाड्यावर (पेशींना आधार देणाऱ्या 'स्कॅफोल्ड'वर) पसरून हाडातल्या पोकळीत बसवतात. हे बसवणं म्हणजे प्रत्यारोपण.

पुढे सांगाड्यात रक्तवाहिन्या शिरल्या आणि नवं हाड धरलं, तरच ते पुनर्जनन. रक्तवाहिनीपासून 100 ते 200 मायक्रॉनपलीकडे प्राणवायू नीट पोचत नाही. म्हणून जाड सांगाड्याच्या कडेला हाड येतं आणि मधल्या पेशी मरतात. अशा वेळी 'प्रत्यारोपण झालं, पुनर्जनन अर्धवट राहिलं' असं लिहिता यायला हवं. दोन्हींना एकच शब्द वापरला तर हे सांगताच येत नाही. पेशींऐवजी हाडाचा तयार तुकडा बसवला, तर ते अस्थिकलम.

स्नायूंबद्दल लिहिताना 'मांसपेशी' टाळा, नाहीतर 'मांसपेशींच्या पेशी' अशी वाक्यं होतात. 1961 मध्ये अलेक्झांडर मॉरो यांनी बेडकाच्या स्नायुतंतूंना चिकटून असलेल्या ज्या पेशी वर्णिल्या, त्यांना 'सॅटेलाइट पेशी'च म्हणावं. 'उपग्रह पेशी' वाचून काहीच बोध होत नाही. तंतू दुखावला की या जाग्या होतात, वाढतात, एकमेकींत मिसळून नवा तंतू घडवतात. मात्र स्नायूचा मोठा भागच गेला तर तिथे तंतुमय व्रण धरतो. त्याला 'जखम भरली' म्हणता येईल, 'पुनर्जनन' नाही.

राहिला 'ऑटोलॉगस', म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्याच शरीरातून घेतलेलं. त्याला 'स्वपेशी' पुरतो: 'स्वपेशींद्वारे अस्थी-पुनर्जनन'. बोलताना सरळ 'रुग्णाच्याच पेशींपासून नवं हाड' म्हणा.