पिशवी शिवण्याआधी कापड भिजवा

ताई, वर्ध्याच्या बाजारातून आणलेले कोरे मांजरपाट कापण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि मग मुलांची चित्रकलेची वही पिशवीत शिरत नाही. माझ्या पहिल्या ५ पिशव्या अशाच वाया गेल्या. ए-फोर आकाराची वही २१ बाय २९.७ सेंटिमीटरची असते, तेव्हा तयार पिशवी २८ बाय ३५ची ठेवावी, शिलाईसाठी दीड आणि वरच्या दुमडीसाठी ४ सेंटिमीटर जास्त धरावे. पिशवी उसवते ती बंदाशीच. म्हणून बंदाचे टोक आत घेऊन चौकोनी शिलाई मारावी, त्या चौकोनात फुली घालावी आणि जाड थरांसाठी १६ नंबरची सुई लावावी. झालर मात्र नकोच. सायकलच्या हँडलला टांगलेल्या पिशवीची झालर चाकात अडकते.