शाळांचा सुपरिंटेंडंट आमदार कसा होतो?

प्रश्न: अमेरिकेत शाळांचे सुपरिंटेंडंट निवृत्त झाल्यावर राज्याच्या विधानसभेत निवडून जातात, असं वाचलं. हे कसं जमतं? आपल्याकडचे शिक्षणाधिकारी आमदार झालेले फारसे का दिसत नाहीत?

उत्तर:

मी सोळा वर्षं टेक्सासमध्ये, डॅलसजवळच्या एका उपनगरात राहतो. माझी दोन्ही मुलं इथल्या सरकारी शाळेत शिकली. प्रत्येक राज्याचे नियम निराळे आहेत, म्हणून टेक्सासपुरतंच सांगतो.

आपल्याकडे अधीक्षक म्हटलं की वसतिगृहाचा नाहीतर कचेरीतला अधीक्षक आठवतो. इथला सुपरिंटेंडंट वेगळा. टेक्सासमध्ये हजारावर स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे आपापल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था, आहेत आणि प्रत्येकाला लोकांनी निवडून दिलेलं मंडळ असतं. बहुतेक ठिकाणी ते सात जणांचं असतं आणि त्यांना पगार नसतो. हे मंडळ सुपरिंटेंडंटला करारावर नेमतं. मग शिक्षकांची भरती, पिवळ्या बसचे मार्ग, मुलांचं जेवण, अर्थसंकल्प, गळणारं छप्पर, सगळं त्याच्या अंगावर येतं. लहान गावात बऱ्याचदा शाळाच सर्वांत जास्त लोकांना नोकरी देते. शुक्रवारी रात्री फुटबॉलच्या सामन्याला गाव लोटतं, तेव्हा हा माणूस तिथे उभा असतो आणि ज्याला तक्रार करायची आहे तो तिथेच त्याला गाठतो. दहा वर्षं हे केलेल्या माणसाला प्रचारात स्वतःची ओळख करून द्यावी लागत नाही.

दुसरी गोष्ट बाँडची. नवी शाळा बांधायला कर्ज काढायचं तर आधी गावाचं मत घ्यावं लागतं, कारण ते कर्ज घरपट्टीतून फिटतं. आमच्या डिस्ट्रिक्टचा एक बाँड मतदानात पडला होता. त्याआधी सुपरिंटेंडंट बाई चर्चमध्ये, वृद्धांच्या क्लबात, कुठे कुठे जाऊन हिशेब मांडत होत्या. ‘होकाराला मत द्या’ असं मात्र त्या म्हणू शकत नव्हत्या, कारण शाळेच्या पैशाने मतदानाचा प्रचार करायला इथे कायद्याने बंदी आहे. म्हणजे फक्त आकडे सांगायचे आणि लोकांना पटवायचं. त्या सभांना मी गेलो होतो. कर वाढेल म्हणून चिडलेल्या शेतकऱ्याला त्या शांतपणे उत्तर देत होत्या. ते पाहिल्यावर मला वाटलं, निवडणूक लढवण्याची तयारी हीच.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे राज्याचा पैसा कुठे अडकतो हे त्याला ठाऊक असतं. टेक्सास शाळेला पटावर नव्हे, रोजच्या सरासरी हजेरीवर पैसे देतं. फ्लूची साथ आली, मुलं घरी राहिली, की अनुदान घटतं. शिक्षकांचा पगार आणि विजेचं बिल मात्र तेवढंच राहतं. हे सूत्र राज्याच्या राजधानीत, ऑस्टिनला, विधिमंडळात ठरतं. वर्षानुवर्षं त्याचे चटके सोसलेल्या माणसाला कधीतरी वाटतंच की जिथे हे ठरतं तिथे आपणच जावं.

आता गॅरी व्हॅनडीव्हर यांचं उदाहरण. राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, टेक्सारकानाजवळ न्यू बॉस्टन नावाचं लहान गाव आहे. तिथल्या स्कूल डिस्ट्रिक्टचे ते सुपरिंटेंडंट होते. २०११ साली विधिमंडळाने शाळांच्या निधीत सुमारे ५.४ अब्ज डॉलरची कपात केली होती. सहाशेहून जास्त डिस्ट्रिक्ट राज्याविरुद्ध कोर्टात गेले, आणि शिक्षकांमध्ये तो राग पुढे कितीतरी दिवस धुमसत होता. त्या वातावरणात, २०१४ साली, व्हॅनडीव्हर हाउसच्या १ नंबरच्या मतदारसंघातून उभे राहिले. हाउस म्हणजे इथली विधानसभा, १५० सदस्यांची.

ते रिपब्लिकन आहेत, आणि त्यांची लढत झाली ती त्यांच्याच पक्षाच्या विद्यमान आमदाराशी, जॉर्ज लॅव्हेंडर यांच्याशी. ग्रामीण टेक्सासमध्ये खरी निवडणूक मार्चच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, होते. नोव्हेंबरच्या मतदानात सहसा काही उरलेलं नसतं. इथे मतदाराला पक्षाकडे नाव नोंदवावं लागत नाही, त्या दिवशी जो पक्ष निवडाल त्याच्या प्रायमरीत मत देता येतं. शिवाय प्रायमरीला मतदान कमी होतं. त्यामुळे मतदारसंघातले शिक्षक, निवृत्त शिक्षक, बसचालक आणि त्यांच्या घरचे लोक ठरवून बाहेर पडले तर निकाल फिरू शकतो. व्हॅनडीव्हर जिंकले आणि जानेवारी २०१५ मध्ये सभागृहात गेले.

पगाराचं गणितही सांगतो, नाहीतर निवृत्तच का, हे कळणार नाही. टेक्सासच्या आमदाराला महिना ६०० डॉलर मिळतात. अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, विषम वर्षी, १४० दिवसांचं असतं आणि तेवढ्या दिवसांचा भत्ता वेगळा. नोकरी करणाऱ्या शिक्षकाला पाच महिने रजा कोण देणार? म्हणून तिथे वकील, धंदेवाले आणि जमीनदार जास्त दिसतात. पेन्शन सुरू झालेल्या सुपरिंटेंडंटला ते परवडतं.

तिथे जाऊन असा माणूस काय करतो, याचं उत्तर त्यांच्या पुढच्या दहा वर्षांत आहे. गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांना व्हाउचर हवं होतं, म्हणजे खासगी शाळेच्या फीसाठी पालकांना सरकारी पैसा. (इथला गव्हर्नर आपल्या राज्यपालांसारखा नामधारी नसतो, मुख्यमंत्र्यासारखी सत्ता त्याच्याच हातात असते.) ज्या खेड्यात खासगी शाळाच नाही, तिथल्या मुलाला व्हाउचरचा काय उपयोग, आणि तो पैसा जाणार कुठून, हा ग्रामीण आमदारांचा प्रश्न होता. १७ नोव्हेंबर २०२३ ला हाउसमध्ये व्हाउचरचा भाग विधेयकातून काढून टाकण्याची दुरुस्ती आली आणि ती ८४ विरुद्ध ६३ मतांनी मंजूर झाली. २१ रिपब्लिकन आमदारांनी गव्हर्नरच्या विरोधात मत दिलं. व्हॅनडीव्हर त्यांत होते.

त्याची किंमत शाळांनाही द्यावी लागली, हे लपवणार नाही. त्याच विधेयकात शाळांचा वाढीव निधी होता, तोही बुडाला. २०१९ पासून दर विद्यार्थ्यामागे मूळ रक्कम ६,१६० डॉलरवर अडकली होती, महागाई वाढली तरी ती तिथेच राहिली. आमच्या शाळेत त्या वर्षी ग्रंथपाल कमी केले. तरीही मला व्हॅनडीव्हर यांचं मत बरोबर वाटलं आणि आजही वाटतं. एका वर्षाच्या निधीसाठी सरकारी शाळेच्या पैशाला कायमची वाट करून देणं मला पटलं नसतं.

पुढे २०२४ च्या प्रायमरीत अ‍ॅबट यांनी व्हाउचरला विरोध केलेल्या रिपब्लिकन आमदारांविरुद्ध उभ्या असलेल्या उमेदवारांना उघड पाठिंबा दिला. पेनसिल्व्हेनियातल्या जेफ यास या अब्जाधीशाने अ‍ॅबट यांना एकरकमी ६० लाख डॉलरची देणगी दिली होती. स्टीव्ह अ‍ॅलिसन, ह्यू शाइन, ट्रॅव्हिस क्लार्डी, ग्लेन रॉजर्स, विरोध केलेल्यांपैकी एकेक जण मार्चमध्येच पडला. व्हॅनडीव्हर यांची लढत मेमधल्या दुसऱ्या फेरीपर्यंत गेली (कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत की पहिल्या दोघांत ती होते). तिथेही बाकीचे पडले, ते टिकले. माझा अंदाज असा की गावाने त्यांना वर्षानुवर्षं शाळेत पाहिलं होतं, म्हणून टीव्हीवरच्या जाहिराती त्यांच्या बाबतीत पुऱ्या पडल्या नाहीत.

एप्रिल २०२५ मध्ये व्हाउचरचं विधेयक पुन्हा आलं. या वेळी ते मंजूर होणार हे सगळ्यांना माहीत होतं. विरोधात मत देणारे रिपब्लिकन फक्त दोन होते, माजी सभापती डेड फेलन आणि गॅरी व्हॅनडीव्हर. ३ मे रोजी त्यावर सही झाली. पहिली तरतूद एक अब्ज डॉलरची.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. आपला शिक्षणाधिकारी सरकारी अधिकारी असतो. बदल्यांच्या २००५ च्या कायद्यानुसार एका जागी साधारण तीन वर्षं, मग दुसरा जिल्हा. लोकांची ओळख होते न होते तोच सामान बांधायचं. त्याला नेमणारं गावाचं मंडळ नाही आणि बाँडसाठी मतदारांसमोर उभं राहायची वेळही त्याच्यावर येत नाही. नोकरीत असताना निवडणूक लढवता येत नाही हे आहेच. निवृत्तीनंतर विधानसभेला उभं राहायला कायद्याची आडकाठी नाही, पण ज्या मतदारसंघात माणूस रुजलेलाच नाही तिथे त्याला मत कोण देणार?

विधान परिषदेत ७८ पैकी सात जागा शिक्षक मतदारसंघाच्या आहेत. तिथे उमेदवार शिक्षकच असावा अशी अट नाही, त्यामुळे निवृत्त शिक्षणाधिकाऱ्याला त्यातल्या त्यात ही वाट जवळची. मात्र मतदार व्हायला माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत गेल्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं शिकवलेलं असावं लागतं. प्राथमिक शिक्षक त्यात बसत नाहीत. माझी आई सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये चौतीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवत होती. शिक्षक आमदाराची निवडणूक आली की हायस्कूलच्या सरांच्या घरी उमेदवार यायचे. आमच्या घरी कधी कुणी आलं नाही.