रूट कॅनल करताना दाताला चुकून भोक पडलं तर ते कशाने बुजवतात?

सध्या पहिली पसंती एमटीए (मिनरल ट्रायऑक्साइड अ‍ॅग्रिगेट) किंवा बायोडेंटिन या कॅल्शियम सिलिकेट सिमेंटना. पूर्वी अमाल्गम (पारा मिसळलेला मिश्रधातू), ग्लास आयोनोमर (एक प्रकारचं सिमेंट) ही दात भरायची नेहमीची साहित्यं वापरत. पण भोकातून रक्त आणि ओलावा येतच असतो, तिथे ती नीट सील होत नसत. एमटीएला घट्ट व्हायला ओलावाच लागतो, शिवाय आजूबाजूचं हाड त्याला चांगलं स्वीकारतं. मात्र मूळ एमटीए सेट व्हायला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात आणि त्यातल्या बिस्मथ ऑक्साइडमुळे दात काळवंडू शकतो. म्हणून समोरच्या दातांसाठी मी बायोडेंटिन निवडेन. ते साधारण १२ मिनिटांत सेट होतं. भोक लहान असेल, हिरडीच्या कडेपासून दूर असेल आणि जंतू शिरण्याआधी लगेच बुजवलं असेल, तर दात बहुतेक वेळा वाचतो. तेव्हा लगेच दात काढून टाकायला तयार होऊ नका, आधी डॉक्टरांना दुरुस्तीबद्दल विचारा.